तीन नंबरचं बटण

नंदलालभाऊ कटरेंना गाडी विकायची होती ती गुडघ्यांमुळे. यात गूढ असं काहीच नव्हतं. गोंदियाहून गोरेगावकडे जाताना रस्त्याला लागून त्यांची राईस मिल, मिलच्या मागेच घर, आणि दारात काळी जर्मन गाडी. गाडी इतकी बुटकी की छप्पन्न वर्षांच्या माणसाला तिच्यातून बाहेर पडताना आई आठवायची. मिलच्या फाटकातल्या उंचवट्यावर तिचं पोट घासलं की हमाल तोंड फिरवून हसायचे. चार वर्षांपूर्वी हौसेनं घेतलेली. हौसेला मोल नाही म्हणतात, पण विकायला निघा, मोल करणारे बरोबर भेटतात.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात नंदलालभाऊ गाडी घेऊन नागपूरच्या एका शोरूमला गेले. जुनी द्यायची, वर पैसे भरून उंच नवी घ्यायची, असा साधा विचार. भूपेंद्र नावाचा तिशीतला माणूस गाडी तपासायला आला. रंगाची जाडी मोजली, टायर पाहिले, बॉनेटखाली डोकं घातलं आणि शेवटी चालकाच्या सीटवर बसून दारावरची बटणं दाबू लागला.

त्या गाडीच्या दारावर एक, दोन, तीन अशी बटणं होती. ज्याला जशी सीट लागते तशी लावून ठेवायची, मग बटण दाबलं की सीट आपोआप तिथं येते. एक नंबर नंदलालभाऊंचा. दोन नंबर त्यांच्या लेकीचा, प्रेरणाचा. पुण्याहून सुट्टीत आली की ती चालवायची. त्यांच्या बायकोला, रुख्मिणीवहिनींना, चालवता येत नव्हतं. म्हणजे तीन नंबर कोणाचाच नव्हता.

भूपेंद्रनं तीन नंबर दाबला. सीट गुणगुणत पुढे सरकली, वर उचलली, आणखी पुढे आली. भूपेंद्रचं पोट स्टिअरिंगला टेकलं.

"बाप्पा!" तो म्हणाला. "अंकल, घरी कोणी छोटा माणूस चालवते का?"

"कोणी नाही."

"मग ही सेटिंग किसकी है?"

नंदलालभाऊंनी खांदे उडवले. भूपेंद्रनं पडद्यावर काहीबाही दाबून गाडीतली सगळी साठवण पुसली. एक नंबर रिकामा झाला, दोन नंबर रिकामा झाला. तीन नंबर दाबला तर सीट पुन्हा गुणगुणत पुढे आली. त्यानं तीनदा पुसलं, तीनदा तसंच झालं. मग कागदावर 'सीट इलेक्ट्रिकल' असं लिहून त्यानं भाव सांगितला. बाहेर कोणालाही विकली असती तर त्यापेक्षा तीनेक लाख सहज जास्त आले असते, पण बाहेर विकायची म्हणजे दहा जणांना चहा पाजायचा आणि विकल्यावरही सहा महिने त्यांचे फोन घ्यायचे. नंदलालभाऊंनी मान डोलावली.

"दोन्ही चाव्या लागतीन अंकल," भूपेंद्र म्हणाला. "एक ठेवून चालत नाही. कंपनीचा रूल आहे."

इथं मात्र घोडं अडलं.

आता हे सांगायलाच हवं. कटरेंच्या घरात जनावर विकलं तरी त्याचं दावं विकत नसत. बैल जायचा तो घेणाऱ्यानं आणलेल्या नव्या दोरानं. जुनं दावं घरीच राहायचं, कारण जनावराबरोबर आलेली लक्ष्मी दाव्याला धरून राहते, असा समज. माजघरामागच्या खोलीत खुंट्यांवर आजही अकरा बैलांची दावी लटकत होती. ट्रॅक्टर विकला तेव्हा त्याची एक पिन ठेवून घेतली, पहिला ट्रक विकला तेव्हा चावीची साखळी. नंदलालभाऊ बीएस्सी झालेले, वर्तमानपत्र उलटंसुलटं वाचणारे, पण दावं देणं त्यांच्या हातून व्हायचं नाही.

रुख्मिणीवहिनींनी तर ऐकताक्षणी पदर खोचला. "दोन्ही चाव्या देऊन राहिले का? डोकं फिरलं का जी तुमचं? लेक बाळंतपणाले येऊन राहिली, अन् तुम्ही घरचं दावं काढून देता?"

"अगं, ती मोटार आहे."

"मंग काय झालं? दारात बांधली का नाही चार वर्षं?"

यावर बीएस्सीत काही शिकवलेलं नव्हतं. शोरूमचा सौदा तात्पुरता बारगळला.

पण ते तीन नंबरचं बटण नंदलालभाऊंच्या डोक्यातून जाईना. मुळात माणूस चौकस. धानाचा दाणा दाताखाली फोडून त्यात पाणी किती ते सांगणारा. पाच जानेवारीच्या सोमवारी त्यांनी टेप घेतली, बॅटरी घेतली, तीन नंबर दाबला आणि सीटखालचा लोखंडी रूळ पुढे किती शिल्लक राहतो ते मोजलं. पंधरा सेंटिमीटर. कॅलेंडरवर पेन्सिलीनं मांडून ठेवलं. एवढ्या पुढे ओढलेल्या सीटवर बसणाऱ्याचे पाय केवढे असतील, याचा अंदाजही बांधला. दहा-अकरा वर्षांच्या पोराएवढे.

पुढच्या सोमवारी सहज म्हणून पुन्हा मोजलं. चौदा.

हमालांपैकी कोणी चेष्टा केली असेल म्हणून त्यांनी गाडी रिकाम्या गोदामात उभी केली, बाहेरून कुलूप लावलं आणि दोन्ही चाव्या तिजोरीत ठेवल्या. गोदामाच्या फरशीवर कोंड्याची बारीक धूळ नेहमीच असते. एकोणीस तारखेला कुलूप काढलं तेव्हा धुळीत पावलं नव्हती. उंदराचीसुद्धा नव्हती. त्यांनी तीन नंबर दाबला.

तेरा.

खोटं कशाला बोला, त्यांना भीती वाटली नाही. मजा वाटली. घरात नवीन कोडं आलं की जेवणसुद्धा गोड लागतं, तसं त्यांचं झालं. कंपनीच्या पुस्तकात शोधलं, नागपूरच्या मेकॅनिकला फोन केला, मोटर घसरते का, वायर गरम होते का, सगळं विचारून झालं. मेकॅनिक म्हणाला, "भाऊ, बिघडलेली वस्तू अशी मोजूनमापून नाही सरकत." हे उत्तर नंदलालभाऊंना फारच आवडलं.

मग नवेगाव बांधला नात्यातलं लग्न आलं. वहिनी मागच्या सीटवर बसल्या. कोहमाऱ्याच्या पुढे त्यांनी काच खाली केली.

"ओवा कोणं जाळला?"

"इथं? गाडीत?"

"वास येऊन राहिला ना. ओवा, बाळंतशोपा अन् अंगाले लावायचं तेल." त्यांनी काच पुन्हा वर केली. "प्रेरणा झाली तवा सव्वा महिना याच वासात निजली मी. मले नका सांगू."

नंदलालभाऊंनी एसी बंद केला. त्यांनाही आला वास. कोमटसर, धुरकट, दार लावून घेतलेल्या खोलीतला. वाईट नव्हता, उलट मायेचा होता. पण शंभरच्या वेगानं जाणाऱ्या मोटारीत तो कुठून यावा? घरी उतरल्यावर वहिनी एवढंच म्हणाल्या, "लेक यायच्या आत गाडी दारातून गेली पाहिजे. कोणालेही द्या."

सव्वीस जानेवारीला मिलवर झेंडा लावून झाला, बुंदी वाटून झाली आणि नंदलालभाऊ टेप घेऊन गोदामात गेले. बारा. कॅलेंडरवर लिहायला गेले. पुढची पानं उलटताना एप्रिलमध्ये वहिनींनी लाल पेननं केलेला गोल दिसला. वीस तारीख. पुण्याच्या डॉक्टरनं प्रेरणाला दिलेली, बाळंतपणाची.

आठवड्याला एक सेंटिमीटर. शिल्लक बारा.

त्यांनी सोमवार मोजले. बोटानं मोजले, मग पेन्सिलीनं मोजले. बारावा सोमवार वीस एप्रिललाच येत होता. त्या दिवशी रूळ संपणार होता. त्या सीटवर जे कोणी बसत होतं ते आठवड्याआठवड्यानं लहान होत होतं, आणि त्या दिवशी ते किती लहान झालेलं असेल, हे मांडायला त्रैराशिकाची गरज नव्हती.

आता मात्र मजा सरली. हे वहिनींना सांगावं असं त्यांना दहा वेळा वाटलं आणि दहाही वेळा त्यांनी पाणी पिऊन घेतलं.

शोरूमला द्यावी तर मार्ग सोपा होता. भाव कमी, पण प्रश्न मिटला. गाडी कोणाच्या दारात जाते ते कळणारही नाही. नेमकं हेच त्यांना झेपेना. एखाद्या अनोळखी घरात, एखाद्या पोटुशी बाईच्या दारात ती उभी राहील आणि आपण इकडे सुखानं झोपू? शिवाय, खरं सांगायचं तर, पुढं काय झालं ते कळलं नाही तर आपण वेडे होऊ, हीही धास्ती होती. ओळखीच्या माणसाला विकली तर निदान विचारता येईल. आणि तो दुसरी चावीही मागणार नाही.

ओळखीचा माणूस सापडला. जागेश्वर बघेले, नात्यानं लांबचा पुतण्या, नागझिऱ्याच्या गेटाजवळ त्याचं आठ खोल्यांचं लॉज. बायको नाही, पोरंबाळं नाहीत, घरात दोन स्वयंपाकी आणि तीन कुत्रे. नागपूर-रायपूरचे पाहुणे स्टेशनवरून आणायला त्याला झकपक गाडी हवी होती. नंदलालभाऊंनी त्याला गोदामात नेलं, तीन नंबर दाबून दाखवला, कॅलेंडर दाखवलं, ओव्याचं सांगितलं. काही लपवलं नाही. एप्रिलमधला लाल गोल तेवढा दाखवला नाही.

जागेश्वर हसला. "काकाजी, आमच्या अंगणात अस्वल येऊन बोरं खाते. तुमच्या सीटले काय भ्याचं?"

"एक चावी मी ठेवीन."

"दावं ना? ठेवा ना जी. मी मागतो का?"

"आणखी एक. दर सोमवारी मोजून मला फोन करशील?"

"हव. तेवढंच काम हाये मले," असं म्हणत त्यानं टेप खिशात टाकली.

अठ्ठावीस फेब्रुवारीला गाडी गेली. शेवटचं माप आठ होतं. वहिनींनी चाकांवर पाणी ओतलं, लिंबू टाकलं. राहिलेली चावी नंदलालभाऊंनी मागच्या खोलीत अकरा दाव्यांच्या शेजारी बाराव्या खुंटीवर अडकवली. त्या रात्री महिन्याभरात पहिल्यांदा त्यांना पडल्या पडल्या झोप लागली.

दोन मार्चला जागेश्वरचा फोन आला. "काकाजी, तीन नंबर दाबून राहिलो, सीट हलतच नाही."

"हलत नाही म्हणजे? आठवरच आहे?"

"नाही जी. बटण रिकामं झालं. काहीच नाही त्याच्यात. वासगीस बी नाही. गाडी एकदम चोख." तो खुशीत होता. "सुधरली तुमची गाडी."

नंदलालभाऊंनी "बरं झालं" म्हणून फोन ठेवला. गाडीत नव्हतं तर होतं कुठं?

चार मार्चला प्रेरणा आली. स्टेशनवर तिला उतरवून घेताना त्यांना रडू फुटलं, ती हसली, "बाबा, अहो मी आलेय, जात नाहीये." घर भरून गेलं. वहिनींना तर कुठे ठेवू नि कुठे नको झालं. सोमवार येत होते, जात होते. जागेश्वर न चुकता फोन करून "रिकामं" म्हणत होता. मोजायला काही उरलं नव्हतं, आणि हेच नंदलालभाऊंना सर्वात जड जात होतं. टेपवर दिसत होतं तोवर ते कुठवर आलं हे तरी कळत होतं.

मार्चच्या अखेरीस एका दुपारी प्रेरणा पलंगावरून म्हणाली, "आई, आतापासून कशाला धुरी करतेस? डोकं दुखतंय."

वहिनी दारात उभ्या होत्या, हातात चाळणी. "म्या त शेगडी माळ्यावरून काढलीच नाही अजून," त्या म्हणाल्या आणि नवऱ्याकडे पाहिलं.

नंदलालभाऊ वास घेत घेत घरभर हिंडले. स्वयंपाकघरात नव्हता, अंगणात नव्हता. मागच्या खोलीचं दार उघडलं तर तोंडावर आला. खोलीत दाण्यांचे डबे, अकरा दावी आणि चावी, दुसरं काही नाही. खुंटीला हात लावला, ती कोमट होती.

त्या रात्री त्यांनी वहिनींना सगळं सांगितलं. आठवड्याचं सेंटिमीटर, बारा सोमवार, लाल गोल, सगळं. "चावी जागेश्वरला देऊन टाकतो," ते म्हणाले. "गाडी गेली, ते गेलं नाही. आपणच दोर ठेवून घेतला, रुख्मिणी."

वहिनी रडल्या नाहीत. "लेक घरात असताना दावं बाहेर जाणार नाही," त्या म्हणाल्या. "लक्ष्मी बी त्यालेच धरून असते. काय काय धरून आलं, ते आपण नाही निवडू शकत. हात नका लावू."

तीन आठवडे त्यांनी हात लावला नाही.

वीस एप्रिलला पहाटे त्यांना राहवलं नाही. वहिनी आंघोळीला गेल्या होत्या, प्रेरणा गाढ झोपलेली. त्यांनी खुंटीवरची चावी काढली, खिशात टाकली आणि मिलची जुनी जीप काढून नागझिऱ्याचा रस्ता धरला.

उजाडत होतं. रस्त्याच्या कडेनं बायका टोपल्या घेऊन मोहफुलं वेचत होत्या. हवेत गोड, आंबूस वास होता आणि त्याखाली, खिशापाशी, ओव्याचा.

कालव्याच्या पुलावर फोन वाजला.

"कुठी हाये तुम्ही?" वहिनींचा आवाज. "कळा सुरू झाल्या. भराभर येऊन राहिल्या. या लवकर."

त्यांनी जीप थांबवली. पुलाखाली पाणी वाहत होतं. चावी हातात घेतली. फेकली की संपलं. हात उचललासुद्धा.

मग त्यांच्या मनात आलं, दोर आहे हा. आपलं टोक आपल्या हातात आहे. दुसऱ्या टोकाला आता, या घटकेला, कोण बांधलेलं आहे?

हात खाली आला.

त्यांनी चावी वरच्या खिशात ठेवली, गुंडी लावली आणि जीप मागे वळवली. सगळ्या रस्त्यानं एका हातानं खिसा दाबून धरला होता.

सात वाजून दहा मिनिटांनी गोंदियाच्या दवाखान्यात मुलगा झाला. तीन किलो, धडधाकट. प्रेरणा सुखरूप. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पहिलटकरणीला इतकं सोपं क्वचितच जातं, जणू बाळाला वाट माहीत होती. वहिनींनी पेढे वाटले. नंदलालभाऊंनी नातू हातात घेतला आणि त्यांचं सगळं भय त्या इवल्या, ऊबदार वजनाखाली विरघळून गेलं. लाडका वाटला तो त्यांना. पहिल्या क्षणापासून, अगदी जिवापाड. दवाखान्यातून घरी येताना वाटेत त्यांनी चावी हुंगून पाहिली. कसलाच वास नव्हता.

पाचव्या दिवशी देवकाबाई न्हाऊ घालायला आली. पंचक्रोशीतली दोन पिढ्यांची बाळं तिच्या हाताखालून गेलेली. पाय लांब करून पाटावर बसली, बाळाला पोटऱ्यांवर पालथं घेतलं आणि तेलाचा हात फिरवत खाली पावलांपर्यंत आली. तिथं तिचा हात थांबला.

"वहिनी," ती म्हणाली, "हे पाहा त."

उजव्या टाचेच्या मागच्या कडेला रुपयाएवढा पिवळट, कडक डाग होता.

"जन्मखूण असन," वहिनी म्हणाल्या.

"जन्मखूण खरखरीत नसते बाई. हा घट्टा हाये. घासून घासून पडते तसा." तिनं तेल चोळलं. "जाईन हळूहळू. तान्ह्याले कुठला घट्टा म्हणा! नवलच हाये."

नंदलालभाऊ वाकले. त्यांच्या स्वतःच्या दोन्ही टाचांना तो तिथंच होता. ट्रॅक्टर, ट्रक, जीप, तीस वर्षं क्लच आणि ॲक्सिलरेटर दाबताना टाच जमिनीला जिथं टेकते, बरोबर तिथं.

पण ती काळी गाडी ऑटोमॅटिक होती. तिला क्लच नव्हता. डाव्या पायाला तीत काही कामच नव्हतं.

त्यांनी नातवाचं डावं पाऊल अलगद हातात घेतलं, अंगठ्यानं टाच चाचपली. ती लोण्यासारखी मऊ होती.